भंडारा १९५४: दोन मतं, दोन जागा आणि आठ हजारांचा फरक

मी दर्यापूरहून बोलतोय, म्हणजे इथं लिहितोय. ज्यांच्या मोबाईलला मूर्तिजापूर रोडवर रेंज दगा देते, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना 'म्हणजे' आणि 'बघा' फार झाले होते, ते बरेचसे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या राजेहो.

संविधानावरच्या भागानंतर बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून एकच विचारलं. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेला दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. दुसरी वेळ तर आपल्या विदर्भातली, भंडाऱ्याची. मग आपल्याच लोकांनी त्यांना पाडलं का?

व्हॉट्सॲपवर याचं उत्तर चार ओळींत मिळतं. त्या चार ओळींत कोणाला शिवी द्यायची ते पाठवणाऱ्याच्या पक्षावर ठरतं. मी जरा लांबचा रस्ता घेतो, कारण त्या निवडणुकीत मत टाकायची पद्धतच आजच्यापेक्षा वेगळी होती. ती समजली नाही तर निकाल समजत नाही.

आधी पेटीपासून सुरू करू. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्या पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदाराला कोरा कागद मिळायचा. आडोशाला जायचं, आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, बाहेर यायचं. झालं मतदान. लिहिता-वाचता येत नसलेल्या करोडो लोकांसाठी ही सोय होती, आणि तशी ती डोकेबाज सोय होती.

आता घोळ इथं आहे. आज जागा राखीव असली की अख्खा मतदारसंघच राखीव असतो. तेव्हा तसं नव्हतं. पहिल्या लोकसभेचे ४०१ मतदारसंघ आणि ४८९ जागा होत्या. त्यातले ८६ मतदारसंघ दोन-दोन खासदारांचे: एक जागा सर्वांसाठी, एक राखीव. अशा ठिकाणी मतदाराला एक नाही, दोन कागद मिळायचे. आणि नियम असा की दोन्ही कागद एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकायचे नाहीत. टाकले तर एकच धरला जाणार, दुसरा बाद.

मोजणीचा नियम त्याहून गमतीशीर. आधी राखीव जागेचा निकाल लावायचा: अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून आला. मग उरलेल्या *सगळ्या* उमेदवारांत, मग तो कोणत्याही जातीचा असो, ज्याला जास्त मतं तो दुसऱ्या जागेवर. हे 'सगळ्या' लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिला पराभव मुंबईतला. मुंबई शहर उत्तर, दोन जागांचा मतदारसंघ. आकडे सरळ सांगतो. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. काजरोळकर तिसऱ्या नंबरवर, पण राखीव जागेच्या उमेदवारांत पहिले, म्हणून खासदार झाले. मेहता दुसऱ्या नंबरवर, पण घरी गेले. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी दोन वेळा बेरीज करून बघितली होती.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी मागं पडले. आणि बाद झालेली मतं किती? ७४,३३३. या आकड्यावरून बाबासाहेब आणि मेहता या दोघांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. दुसरं मत वाया घालवा असा प्रचार विरोधकांनी पद्धतशीर केला, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्ज फेटाळला गेला. बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. पण थेट लोकांतून निवडून जायचं राहिलं ते राहिलंच.

दुसरं मत वाया घालवणं, याला तेव्हाच्या राजकारणात 'मत कुजवणे' म्हणायचे. शब्द मला फार आवडला. कपाशीची बोंडं पावसात भिजून कुजावीत, तसं मत.

आता भंडाऱ्याला येऊ.

१९५४ मध्ये भंडारा महाराष्ट्रात नव्हता. आपला दर्यापूरही नव्हता, बरं का. वऱ्हाड आणि नागपूरकडचे जिल्हे मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. भंडारा जिल्ह्यातच तेव्हा गोंदियाही होतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. तळी, धान आणि बिड्या. त्यातली बिडी आपल्या गोष्टीत पुढं येते.

१९५२ मध्ये भंडाऱ्याच्या दोन जागांसाठी निवडणूक झाली. काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी सर्वसाधारण जागेवर निवडून आले. मोरेश्वर परशराम मेश्राम आणि इतरांनी कोर्टात धाव घेतली. दोन मुद्दे होते, आणि दोन्ही एकापेक्षा एक.

पहिला मुद्दा बिडीचा. जसानी 'मुळजी सिक्का आणि कंपनी' या बिडीच्या फर्मचे भागीदार होते. ही फर्म सैनिकांच्या कँटीनसाठी बिड्या पुरवायची. सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे, तो खासदार होऊ शकत नाही, असा कायदा. बिड्या शेवटी ओढणार जवान, पण करार सरकारशी आहे का? सुप्रीम कोर्ट म्हणालं, आहे. जसानी अपात्र.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्या अमरावती जिल्ह्याच्या जवळचा आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते जन्मानं महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती. निवडणूक अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला: महानुभाव पंथ जात मानत नाही, तुम्ही पंथात गेलात, मग तुम्ही महार राहिला नाहीत, मग राखीव जागेवर उभे राहता येणार नाही.

रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, मोर्शी तालुक्यात. इथल्या माणसाला महानुभाव पंथ सांगावा लागत नाही. गावात कोणी उपदेश घेतला तर शेजारी त्याला वेगळं समजायला लागतात का? सोयरीक बदलते का? कोर्टानं जवळजवळ हेच विचारलं. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकालात तीन कसोट्या ठेवल्या. जुन्या समाजाची प्रतिक्रिया काय, त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय. ठवरे स्वतःला महार म्हणवत राहिले, समाजानं त्यांना बाहेर काढलं नाही, पंथानंही जुने संबंध तोडायला लावले नाहीत. म्हणजे ते महारच. अर्ज चुकीनं फेटाळला.

फेब्रुवारी १९५४ मध्ये हा निकाल आला आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. एक बिडीचा करार आणि एक पंथाची दीक्षा, यामुळं बाबासाहेबांना लोकसभेचं दार पुन्हा उघडलं. ही गोष्ट कोणी कादंबरीत लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, जास्त झालं.

बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, तेच मुंबईत दुसरे येऊनही पडलेले. फेडरेशन आणि प्रजा समाजवादी एकत्र लढले. एप्रिलचा शेवट, मे महिन्याची सुरुवात. विदर्भातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. बाबासाहेब तेव्हा ६३ वर्षांचे, मधुमेह आणि पायदुखीनं बेजार, काठीशिवाय चालणं कठीण. तरी ते जिल्ह्यात सभा घेत फिरले. भाषणांत फक्त जातीचा प्रश्न नव्हता. नेहरूंचं परराष्ट्र धोरण, चीन, काश्मीर, सरकारचा कारभार असं सगळं त्यांनी काढलं. धानाच्या बांधीवर बसलेल्या माणसाला परराष्ट्र धोरण समजावणारा उमेदवार आज मिळेल का, मला शंका आहे.

आता त्या 'सगळ्या उमेदवारांत' या शब्दांकडे परत या.

समजा फेडरेशनच्या मतदारांनी पहिला कागद हत्तीच्या पेटीत टाकला आणि दुसरा कुठंच टाकला नाही. मेहतांची मतं कमी होणार. बोरकर राखीव जागेवर पहिले आले तरी, उरलेल्यांत बाबासाहेब सगळ्यांत वर असतील तर *सर्वसाधारण* जागेवर तेच निवडून येणार. गणित अगदी साधं. कार्यकर्त्यांनी हे गणित मांडलं होतं आणि दुसरं मत कुजवू द्या म्हणून आग्रह धरला होता, असं आंबेडकरी चळवळीत आजही सांगितलं जातं. आणि असंही की बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ज्यानं संविधान लिहिलं त्यानं लोकांना मत वाया घालवा म्हणून सांगावं, हे त्यांना पटलं नाही.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी मागं राहिले. बोरकर आणि बाबासाहेब दोघांनीही लाखाचा टप्पा ओलांडला होता, म्हणजे लढत खरोखर अटीतटीची होती.

मला विचाराल तर इथं फेडरेशनच्या मतदारांनी शब्द पाळला. मेहता निवडून आले याचा अर्थ हत्तीच्या पेटीत एक कागद टाकणाऱ्या बऱ्याच लोकांनी दुसरा कागद मेहतांच्या पेटीत टाकला. उलट दिशेनं तेवढं आलं का, हा प्रश्न. मेहतांना मत देणाऱ्या सगळ्यांनी दुसरा कागद बाबासाहेबांना दिला असता तर ते बोरकरांच्या मागं कसे राहिले असते? म्हणून 'आपल्याच लोकांनी पाडलं' हे मला पटत नाही. ज्यांच्यासाठी जागा राखीव होती त्यांनी जवळजवळ सगळं टाकलं. बाकीच्यांनी ठरवलं की त्यांच्या वतीनं कोण बसणार.

आता जरा लांब जाऊ. दोन महायुद्धांच्या मधली अशीच एक पोटनिवडणूक, लंडनची. १९ मार्च १९२४, वेस्टमिन्स्टर ॲबी मतदारसंघ. ब्रिटिश संसद ज्या मतदारसंघात आहे तोच. विन्स्टन चर्चिल तिथं अपक्षासारखे, 'कॉन्स्टिट्यूशनलिस्ट' या नावानं उभे होते. लिबरल पक्ष सोडलेला, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं अजून पूर्ण जवळ घेतलेलं नाही. कॉन्झर्व्हेटिव्हचे ओथो निकल्सन यांना ८,१८७ मतं, चर्चिल ८,१४४. फरक ४३. मजूर पक्षाचे फेनर ब्रॉकवे ६,१५६, लिबरल उमेदवार २९१. ४३ मतं म्हणजे दर्यापूर-बनोस्याच्या एखाद्या गल्लीतली.

चर्चिल हरले, पण सात महिन्यांनी एपिंगमधून निवडून आले आणि लगेच अर्थमंत्री झाले. तिसऱ्या नंबरचे ब्रॉकवे आपल्या जास्त कामाचे: ते भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं आयुष्यभर बोलत राहिले, १९३० मध्ये भारतावर चर्चा मागताना सभागृहातून निलंबितही झाले. चर्चिलना दुसरा मतदारसंघ मिळाला, पक्षही मिळाला, कारण ज्या समाजानं मतदान करायचं होतं तो त्यांचाच होता. बाबासाहेबांना दुसरा मतदारसंघ मिळाला तो भंडारा. तिसरा मिळाला नाही.

ब्रिटिश अमलातली एक निवडणूक इथं सांगायलाच हवी, कारण ती बाबासाहेब जिंकले होते. १९३७, मुंबई विधानसभा, भायखळा-परळचा बहुसदस्यीय मतदारसंघ. राखीव जागेवर समोर काँग्रेसचे पाळवणकर बाळू, तेच नामांकित क्रिकेटपटू. बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. जवळचीच लढत. पण तेव्हा मुंबई प्रांतात एक सोय होती: मतदाराकडं जितकी मतं, तितकी सगळी एकाच उमेदवाराला देता यायची. म्हणजे लहान समाजाला आपली ताकद एका माणसामागं उभी करता यायची. १९५१ च्या कायद्यानं नेमकं तेच बंद केलं. आता त्या ७४,३३३ बाद मतांकडं पुन्हा बघा.

या सगळ्याचं मूळ १९३२ चं. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यानं अस्पृश्य समाजाला प्रांतांच्या कायदेमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिले होते: म्हणजे त्या जागांवर मत फक्त त्यांचंच. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण मत सगळ्यांचं झालं. जागा दुप्पट आणि किल्ली दुसऱ्याकडं, असं मी म्हणेन. बाबासाहेबांनी धोका तेव्हाच ओळखला होता आणि भंडाऱ्यात तो स्वतः भोगला. १९५५ मध्ये त्यांच्या फेडरेशननं तर कायदेमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा, असा ठराव केला. हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो, पण भंडाऱ्यानंतर तो ठराव मला अजिबात आश्चर्याचा वाटत नाही.

दोन जागांची पद्धत पुढं का गेली, तेही सांगतो. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात कार्यकर्त्यांचं ते गणित खरं झालं. राखीव जागा आदिवासी उमेदवारानं जिंकली, आणि सर्वसाधारण जागाही दुसऱ्या आदिवासी उमेदवारानं, डी. सुरी डोरांनी, ५६५ मतांनी जिंकली. हरले कोण? व्ही. व्ही. गिरी, जे पुढं राष्ट्रपती झाले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, कोर्टानं निकाल कायम ठेवला. आणि १९६१ मध्ये संसदेनं कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ बंद केले. राखीव जागेवर बाबासाहेब हरले तेव्हा पद्धत बदलावी असं कोणाला वाटलं नाही. सर्वसाधारण जागेवर आदिवासी निवडून आला, आणि चार वर्षांत कायदा आला. याला मी योगायोग म्हणणार नाही. तुम्ही म्हणा हवं तर.

भंडाऱ्याचं पुढं काय झालं? राखीव जागेसाठी वर्षभरात पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि १९५५ मध्ये अनुसयाबाई भाऊराव बोरकर खासदार झाल्या. अशोक मेहता पुढं काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ ला परत भंडाऱ्यातूनच निवडून आले. ठवरेंच्या खटल्यातला प्रश्न तर दोन वर्षांनी लाखोंचा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांच्यामागून लाखो लोकांनी. महानुभाव झालेला महार महारच राहतो असं कोर्ट म्हणालं होतं. बौद्ध झालेल्याला मात्र केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळायला १९९० उजाडावं लागलं.

आणि आपलं दर्यापूर. २००९ पासून दर्यापूर विधानसभा राखीव आहे, अमरावती लोकसभाही. आता पेटी एक, मत एक, जागा एक. निवडणूक आली की चावडीवर, पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आमची जागा गेली.' कोणाची? मतदान तर सगळा तालुका करतो, आणि उमेदवाराला तिकीट देताना पक्ष 'बाकीच्यांना चालेल असा' माणूस शोधतात, हे काही गुपित नाही. भाऊराव बोरकरही त्याच हिशेबानं शोधले गेले होते.

एकदा मात्र उलटं झालं, आणि ते इथल्याच माणसाच्या बाबतीत. रा. सू. गवई आपल्या तालुक्यातल्या दारापूरचे. १९९८ च्या लोकसभेत ते अमरावतीतून निवडून आले, तेव्हा ही जागा सर्वसाधारण होती. त्याच निवडणुकीत अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले जिंकले. चौघं रिपब्लिकन, चौघं सर्वसाधारण जागांवरून, आणि सोबत काँग्रेसची मतं. ती लोकसभा तेरा महिने टिकली.

त्या चार निकालांवर वेगळा भाग करतोय. तुमच्या घरात कोणी १९९८ ला अमरावती किंवा अकोल्यात बूथवर बसलं असेल तर त्यांच्याशी बोला, आवाज रेकॉर्ड करा आणि पाठवा. नाव नको, फक्त गाव सांगा.